तुरा कोणाचा, हात कोणाचे?

लग्नसराई आली की खोपोलीत नवरदेवाच्या फेट्यावर भाड्याचा शिरपेच चढतो, मोत्याचा तुरा लोंबतो, कानाला चापाची भिकबाळी लागते. याला 'पेशवाई थाट' म्हणतात. मला या थाटाची चीड येते. खर्चाची नव्हे, तो ज्याचा त्याने करावा. चीड आहे ती त्यामागच्या अज्ञानाची.

पेशवाईत शिरपेच नुसत्या हौसेचा दागिना नव्हता. सरकारची मर्जी बसली की मानकऱ्याला वस्त्रे, शिरपेच, कंठी, मोत्याचा तुरा मिळे. मर्जी गेली की मानही जाई. त्याच काळाच्या आसपास हंगेरीचे उमरावही टोपीवर पिसांचा रत्नजडित तुरा मिरवत. तिथे काय नि इथे काय, माणसाची पायरी डोक्यावरच्या खड्यांनी ठरत होती.

आणि हे खडे बसवणारे हात? 1779 मध्ये पुणे दरबाराच्या आग्रहावरून मुंबईच्या कंपनी सरकारने हुकूम काढला, की सोनारांनी अभिवादन करताना 'नमस्कार' म्हणू नये. तो ब्राह्मणांचा मान! ज्याने घडवलेली कंठी छातीवर रुळते, त्याने साधा नमस्कारही करायचा नाही. या नीचपणाला दुसरे नाव नाही. तेव्हा पुण्याचा कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. बोरघाटाच्या पायथ्याशी, आपल्या खोपोलीत तळे आणि महादेवाचे देऊळ बांधणारे तेच नाना. तळ्याचे पुण्य त्यांना जरूर द्या, पण या हुकुमाचा दोषही त्यांच्याच दरबाराच्या पदरात घाला.

त्र्यंबकेश्वरच्या देवळातल्या 'नासक' हिऱ्यासाठी आपण हळहळतो. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि हिरा कंपनीच्या हाती पडला. लंडनला गेला, घासला गेला, विकला गेला. 1940 मध्ये अमेरिकेच्या हॅरी विन्स्टनने विकत घेऊन पुन्हा कापला आणि 43.38 कॅरटवर आणला. इंग्रजांनी लुटले, हे खरेच. पण दरबाराने सोनाराचे जे हिरावले, त्यासाठी कोणी हळहळल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

खोपोलीतल्या शिक्षकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे: मुलांना नानांच्या तळ्यावर न्याल, तेव्हा 1779 चा हुकूमही सांगा. आणि नवरदेवांनो, तो तुरा उतरवा.