‘मवाळ’ म्हणजे भित्रा नव्हे

पुढारी विरोधकांशी बोलायला बसला की वृत्तवाहिन्यांवर पट्टी फिरते: ‘अमुक नरमले, भूमिका मवाळ’. नरमणारा तो मवाळ, हे जणू ठरूनच गेले आहे. कोणी हटकलेच तर नामदार गोखल्यांकडे बोट दाखवतात. अर्ज-विनंत्या करणारे, १८९७ साली सरकारची माफी मागणारे!

माफीचेच आधी बघू. पुण्यातल्या प्लेगच्या तपासणीत सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल गोखले इंग्लंडात बोलले. ते शाबीत करता येईना, म्हणून परतल्यावर त्यांनी जाहीर माफी मागितली. ती माफी गरजेपेक्षा लांबलचक होती असे मलाही वाटते. पण शाबीत न होणारे विधान चारचौघांत मागे घ्यायला छाती लागते की नाही? आणि हाच ‘भित्रा’ १९०५ मध्ये बनारसच्या काँग्रेसचा अध्यक्ष म्हणून कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी करतो. पुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणतो आणि १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी हरतो. सरकारची मर्जी राखायची असती तर हे बिल आणलेच कशाला?

मवाळ हा शब्द रीत सांगतो: सनद, सभा, आकडे, कौन्सिल. माणसाला काय हवे आहे, ते त्यातून कळत नाही. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये टिळकपक्षाला अध्यक्षपद मिळू नये म्हणून मवाळांनी एक्क्याऐंशी वर्षांच्या दादाभाईंना आणले, आणि अध्यक्षपदावरून ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारला तो त्यांनीच.

खुद्द टिळकांना हे नीट ठाऊक होते. जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्यातच ते म्हणाले की ‘मवाळ’ आणि ‘जहाल’ हे दोन्ही शब्द काळाशी बांधलेले आहेत. आजचे मवाळ काल जहाल होते, आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील. जवळजवळ तेरा वर्षांनी अमृतसरच्या काँग्रेसमध्ये, माँटेग्यूच्या सुधारणा झिडकारा म्हणणाऱ्यांसमोर, त्यांनी प्रतियोगी सहकारितेची, म्हणजे सरकार जितके सहकार्य करील तितके आपण करू या धोरणाची, बाजू घेतली. आजच्या पट्टीवाल्यांनी तेव्हा काय लिहिले असते?

राहिला खरोखरच्या भित्र्याचा प्रश्न. त्याच्यासाठी नेभळट आहे, बोटचेपा आहे, मुळमुळीत आहे, अगदीच झाले तर शेपूटघाल्या आहे. पट्टीवर यांतला कोणताही सहज मावतो.