कुलूप अमेरिकेत, भुर्दंड नाशिकला

जुन्या मोबाइलच्या ऑनलाइन जाहिरातीत बॅटरी किती टक्के आहे ते असतं, बिल-बॉक्स आहे का ते असतं, ओरखडे कुठे आहेत ते फोटोसकट असतं. फोन कुठल्या कंपनीच्या नेटवर्कला बांधलेला आहे की मोकळा, हे मात्र क्वचितच कुणी लिहितं. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर मी मोबाइल दुरुस्तीचं काम करतो आणि या एका न लिहिलेल्या ओळीपायी लोकांचे पैसे बुडताना वर्षानुवर्षं बघतोय. ही ओळ लिहिणं सक्तीचं करा, आणि ती खरी आहे का हे तपासायची जबाबदारी जाहिरात छापणाऱ्या संकेतस्थळावर टाका, अशी माझी मागणी आहे.

हे बांधलेले फोन येतात मुख्यतः अमेरिकेतून. तिकडे नवा फोन रोख घेणारे असतात, पण मोबाइल कंपनीकडूनच २४ किंवा ३६ महिन्यांच्या हप्त्यांवर घेणारेही खूप. कंपनी फोन देते आणि त्याला स्वतःच्या नेटवर्कचं कुलूप घालते. दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालत नाही. हे कुलूप काढायच्या अटी ठरलेल्या असतात. एटी अँड टीकडे पोस्टपेड फोनचे सगळे पैसे फिटलेले हवेत, तो त्यांच्या नेटवर्कवर किमान ६० दिवस चाललेला हवा आणि चोरीला गेल्याची किंवा हरवल्याची नोंद त्यावर नको. टी-मोबाइलकडे पोस्टपेडला हीच मुदत ४० दिवसांची आहे. पहिला मालक हप्ते अर्धवट टाकून फोन विकून मोकळा झाला, तर तो फोन दलालांच्या हातून मुंबईत, तिथून आमच्याकडे येतो. कुलूप तसंच राहतं.

मागच्या पावसाळ्यात सिन्नरकडची एक मुलगी वडिलांबरोबर दुकानात आली. नर्सिंगला आहे, पहिल्या स्टायपेंडमधून आणि घरच्यांनी घातलेल्या भरीतून आयफोन १२ घेतलेला. ऑनलाइन जाहिरात बघितली, विकणाऱ्यानं नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ बोलावलं, तिचंच सिम स्वतःच्या हातानं घालून फोन लावून दाखवला. तिनं पैसे दिले. काही आठवडे सगळं सुरळीत होतं. मग एका रात्री फोननं अपडेट मागितला, तिनं दिला, आणि सकाळी पडद्यावर आलं की हे सिम या फोनला चालणार नाही.

"काका, सिम खराब झालंय का?" तिनं विचारलं.

मी पिननं ट्रे बाहेर काढला. सिम उचललं तर त्याच्या पोटाखाली दुसरी एक पट्टी चिकटलेली. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, सिमच्याच मापाची, वर सोनेरी ठिपके आणि एका टोकाला काळा कण. आमच्या धंद्यात तिला नुसतं 'चिप' म्हणतात. सिम आणि फोन यांच्या मधे बसून ती फोनला खोटी ओळख सांगते, म्हणजे फोनला वाटतं की आपल्याच अमेरिकन कंपनीचं सिम आत आहे. नव्या अपडेटनं किंवा रिसेटनं फोन पुन्हा नोंदणीला गेला की ही लबाडी उघडी पडते. मी तिला सेटिंग्जमधल्या 'जनरल'मध्ये 'अबाउट'चं पान उघडून दाखवलं. तिथे 'कॅरिअर लॉक' नावाची एक ओळ असते. मोकळ्या फोनवर तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं दिसतं. तिच्या फोनवर 'सिम लॉक्ड' होतं, आणि चिप असली तरी ती ओळ बहुधा तशीच दिसते. म्हणजे तिला कुणी सांगितलं असतं तर सीबीएसच्या फुटपाथवर उभ्या उभ्या अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

वडील म्हणाले, "साहेब, तुम्ही उघडून द्या ना, काय होतील ते पैसे सांगा." असं म्हणणाऱ्याला नाही म्हणताना मला फार वाईट वाटतं. नोकियाच्या काळात हे जमायचं. आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकावरून कोड काढून की-पॅडवर मारला की फोन मोकळा. आयफोनचं तसं नाही. कुलूप आहे की नाही याची नोंद ॲपलच्या सर्व्हरवर असते आणि ती बदलायला ज्या कंपनीनं कुलूप घातलं तिचाच होकार लागतो. मी फोन खोलून त्याचे सगळे सुटे भाग टेबलावर मांडले तरी उपयोग शून्य. 'आयएमईआय पाठवा, घरबसल्या अनलॉक करून देतो' म्हणणारे ऑनलाइन ढिगानं सापडतात. त्यांना पैसे पाठवून दुसऱ्यांदा नाडलेली माणसंही माझ्याकडे येतात. हप्ते बुडालेल्या किंवा चोरीच्या फोनचं कुलूप कंपनी काढून देत नाही, आणि त्या मुलीच्या फोनचा पहिला मालक कोण, हे शोधायला तिच्या हातात काहीच नव्हतं. विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झाला होता.

आपल्याकडच्या तपासणीनं ती वाचली असती का? नसती. दूरसंचार विभागाचं 'संचार साथी' पोर्टल मे २०२३ पासून देशभर आहे आणि ते खरंच कामाचं आहे. फोनवर *#०६# दाबायचं, आलेला १५ आकडी आयएमईआय 'केवायएम' असं लिहून त्यापुढे टाकायचा आणि १४४२२ला पाठवायचा. भारतात तो फोन ब्लॉक केलेला आहे का ते समजतं. जुना फोन घेणाऱ्या प्रत्येकानं हे करावंच. पण अमेरिकन कंपनीचं कुलूप हा त्या तपासणीचा विषयच नाही. तिच्या फोनचा आयएमईआय मी तिच्यासमोर तपासला, उत्तर अगदी स्वच्छ आलं.

तक्रारीची वाटही अरुंद आहे. ई-कॉमर्ससाठी २०२० मध्ये ग्राहक संरक्षणाचे नियम आले, त्यात एक मोठी सूट आहे: एखादी व्यक्ती खासगी पातळीवर, नेहमीचा व्यवसाय म्हणून नव्हे, काही विकत असेल तर तिला ते लागू नाहीत. घरातला जुना टीव्ही विकणाऱ्या माणसाला वाचवायला ही सूट बरोबरच आहे. पण महिन्याला ढीगभर फोन फिरवणारे दलाल तिच्याच आडोशाला उभे राहतात. 'परदेशी जातोय, अर्जंट विकायचाय, सिंगल ओनर' असं लिहिलं की झाला खासगी विक्रेता. संकेतस्थळ म्हणतं, आम्ही फक्त दोघांची गाठ घालून दिली. सगळे हात वर करतात आणि सिन्नरच्या मुलीच्या हातात वायफायवर चालणारा कॅमेरा उरतो.

मुळात पैसे फिटल्यावर हे कुलूप राहावंच का, हा माझा दुसरा प्रश्न. कॅनडानं १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन मोकळेच विकायचे असा नियम केला. जपाननं ऑक्टोबर २०२१ पासून, ब्रिटननं त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून तेच केलं. तिथल्या मोबाइल कंपन्या काही बुडाल्या नाहीत. हप्ता थकला तर वसुलीचे मार्ग त्यांना आहेतच. अमेरिकेत तर २०१३ च्या जानेवारीपासून नव्या फोनचं कुलूप कंपनीला न विचारता काढणं कॉपीराइट कायद्याचा भंग ठरत होतं. लाखाहून जास्त लोकांनी व्हाइट हाउसकडे अर्जावर सह्या केल्या, तेव्हा ऑगस्ट २०१४ मध्ये ओबामांच्या सहीनं ती बंदी उठली. पण कंपन्यांनी कुलूप घालूच नये असं त्या कायद्यानं म्हटलेलं नाही, आणि त्याची झळ इथवर पोचते.

आपण नुसतं अमेरिकेकडे बोट दाखवावं असंही नाही. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनमध्ये जिओचंच सिम चालायचं, पण ते घेणाऱ्याला आधीपासून ठाऊक होतं. आता आपल्याकडे हप्त्यावरच्या अँड्रॉइड फोनना फायनान्स कंपन्या कुलूप घालतात. हप्ता चुकला की पडदाच बंद. असे फोनही हप्ते चालू असताना ऑनलाइन विकले जातात आणि घेणाऱ्यानं रिसेट मारला तरी पुष्कळदा फायनान्सचं पान पुन्हा वर येतं. नाव पहिल्याचं, कर्ज पहिल्याचं आणि बंद पडलेला फोन दुसऱ्याच्या खिशात. जुनी गाडी घेताना तिच्यावर बँकेचा बोजा आहे का हे आरसी बुकवर दिसतं. वीस-पंचवीस हजारांच्या फोनला असं काहीच नसावं, आणि तेही फोन हेच ज्याचं बँकेचं, परीक्षेचं, नोकरीचं साधन आहे अशा माणसाच्या बाबतीत, हे मला मान्य नाही. जाहिरात टाकतानाच आयएमईआय घ्या, 'अबाउट'च्या पानाचा फोटो घ्या, हप्ता बाकी आहे का ते फायनान्स कंपन्यांकडून तपासा, एकाच नंबरावरून वारंवार फोन विकणाऱ्याची दुकानदार म्हणून नोंद करा. दिवसाकाठी हजारो जाहिराती चढवणाऱ्या यंत्रणेला यात अशक्य काहीही नाही.

तोवर फोन हातात घेतल्यावर वायफाय बंद करा, ट्रे स्वतः काढा, सिमखाली बोट फिरवा, 'कॅरिअर लॉक'ची ओळ वाचा, मगच पैसे द्या. आणि ज्यांची मुलं-भाचे अमेरिकेत आहेत, त्यांनी त्यांना आताच कळवावं. दिवाळीला येताना आईसाठी जुना फोन आणणार असाल, तर हप्ते फेडून कुलूप काढायचा अर्ज तिकडे असतानाच करा, कारण तो तुमच्याच खात्यावरून मंजूर होणार आहे. आयफोन १४ असेल, तर अमेरिकन फोनला सिमचा ट्रेच नसतो. आईचं सिम ई-सिम करून घ्यावं लागेल. आपल्या ॲपल खात्यातून बाहेर पडा, 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसतंय याचा फोटो घरी पाठवा आणि मगच फोन बॅगेत भरा.