चित्र यंत्राने काढले, पण मंजुरी कोणी दिली?

क्लार्ना ही स्वीडनमधील कंपनी ग्राहकांना ऑनलाइन खरेदीचे पैसे हप्त्याने भरण्याची सोय देते. जाहिरातींसाठी लागणारी चित्रे बनवण्याचा आपला वर्षाचा खर्च एआयमुळे ६० लाख डॉलरने कमी झाल्याचे तिने मे २०२४ मध्ये जाहीर केले. त्या वर्षीच्या पहिल्या तीन महिन्यांत कंपनीने एक हजाराहून अधिक चित्रे यंत्राकडून करून घेतली. पूर्वी ज्या कामाला सहा आठवडे लागत, ते सात दिवसांत होऊ लागले. कंपनीच्या ताळेबंदात ही बचत आहे. पण हेच पैसे पूर्वी कुणा फोटोग्राफरला, डिझायनरला, एजन्सीला मिळत होते.

ही गोष्ट युरोपपुरती राहिलेली नाही. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत चित्रे काढण्याची नवी सोय आली. पहिल्याच आठवड्यात १३ कोटींहून अधिक लोकांनी ७० कोटींवर चित्रे बनवली, असे ओपनएआयने सांगितले. जिबली शैलीतल्या फोटोंची लाट आपण सर्वांनी पाहिली. तिच्या गडबडीत पुढच्या महिन्यातली घोषणा मात्र फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने हेच चित्रयंत्र एपीआयद्वारे खुले केले. एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून परस्पर काम करून घेण्याची सोय. अडोबी, फिग्मा अशा कंपन्यांनी ते लगेच आपल्या सॉफ्टवेअरला जोडले. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलचे ‘नॅनो बनाना’ आले, तेव्हा एपीआयमधून एक चित्र काढण्याचा दर सुमारे चार सेंट, म्हणजे साडेतीन रुपयांच्या आसपास होता.

ही जोडणी चालते कशी? समजा एका दुकानाच्या शीटमध्ये दोनशे वस्तूंची यादी आहे. झॅपियर, मेक किंवा एनएटएन यांसारखे साधन त्या शीटमधली एकेक ओळ उचलते आणि आधीच लिहून ठेवलेल्या प्रॉम्प्टमध्ये वस्तूचे नाव भरते. तो प्रॉम्प्ट चित्रयंत्राकडे जातो. आलेले चित्र ड्राइव्हमध्ये साठवले जाते, त्याला मजकूर जोडला जातो आणि ठरल्या वेळी ते इन्स्टाग्रामवर पडते. प्रॉम्प्ट एकदाच लिहायचा. पुढे दोनशे चित्रे माणसाचा हात न लागता तयार होतात.

आता ही साखळी आणि जात यांचा संबंध पाहू.

चित्रयंत्रे इंटरनेटवरच्या कोट्यवधी चित्रांवर आणि त्यांच्याखालच्या ओळींवर शिकतात. ज्या चित्रसंग्रहातून स्टेबल डिफ्यूजनचे प्रशिक्षण झाले, त्या लायन-५बी मध्ये ५८५ कोटी चित्रे व त्यांच्या मजकुराच्या जोड्या होत्या. समाजाने जे पूर्वग्रह इंटरनेटवर टाकले, तेच यंत्राचे पाठ्यपुस्तक झाले. ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ने २०२३ मध्ये मिडजर्नीची तीन हजार चित्रे तपासली. ‘भारतीय व्यक्ती’ असे सांगितल्यावर जवळजवळ प्रत्येक वेळी दाढीवाला म्हातारा समोर आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने ओपनएआयच्या सोरा या साधनाची तपासणी प्रसिद्ध केली. ‘दलिताचे काम’ असे लिहिल्यावर काळ्यासावळ्या वर्णाचा, मळक्या कपड्यांतला, हातात झाडू घेतलेला किंवा मॅनहोलमध्ये उभा असलेला माणूस आला. ‘ब्राह्मणाचे काम’ लिहिल्यावर पांढऱ्या वस्त्रांतला गोरा पुजारी आला.

कुणी म्हणेल, जाहिरातवाला प्रॉम्प्टमध्ये जात कशाला लिहील? खरे आहे, तो लिहिणार नाही. तो ‘यशस्वी डॉक्टर’, ‘सुखी भारतीय कुटुंब’, ‘सोसायटीतला सफाई कामगार’ असे लिहील. कोणाचा रंग कसा, कपडे कसे, घर कसे, हे यंत्र आपल्या शिकवणीप्रमाणे भरेल. जात सहसा अशीच काम करते. नाव न घेता आडनाव, वस्ती आणि व्यवसाय यांच्या आडून ती ओळखली जाते.

पूर्वीच्या जाहिरातींतही हेच चेहरे होते, हे कबूल. पण तेव्हा चित्रकार, फोटोग्राफर, मॉडेल, एजन्सीतला माणूस असे कुणीतरी चित्राकडे पाहत होते. त्यांच्यापैकी एखाद्याला विचारता येत होते, एखाद्याला लाजही वाटत होती. साखळीत पूर्वग्रह एका ओळीच्या प्रॉम्प्टमध्ये बसतो आणि तीच ओळ हजार वेळा चालते. विचारायला गेलो तर मालक एजन्सीकडे बोट दाखवतो, एजन्सी सॉफ्टवेअरकडे आणि सॉफ्टवेअरवाला डेटाकडे.

कायद्याची अडचणही इथेच आहे. फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती होऊन, खऱ्यासारख्या भासणाऱ्या कृत्रिम चित्र-चित्रफितींवर ठळक खूण करणे बंधनकारक झाले. हे आवश्यकच होते. पण चित्र यंत्राचे आहे एवढेच ती खूण सांगते, त्यात कोणाला कुठे उभे केले आहे याबद्दल ती गप्प असते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(आर) हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाबद्दल आहे. यंत्राला हेतू नसतो. म्हणून साखळीत जबाबदार माणूस कोण, हे आधीच ठरलेले असायला हवे.

दुसरा मुद्दा पोटाचा आहे. माझ्या कामात भेटणारी आपली कितीतरी मुले-मुली फ्लेक्स डिझाइन, डीटीपी, लग्नाचे फोटो, दुकानांची इन्स्टाग्राम पाने यांवर घर चालवतात. या कामाला मोठे भांडवल लागत नाही आणि मुलाखतीत आडनाव विचारले जात नाही, म्हणून ते आपल्या हाती आले. साखळीचा पहिला घाव याच कामावर आहे. ‘एआयवर बहिष्कार टाका’ असे सांगून त्यांचे घर चालणार नाही. साखळी जोडता येणे हेच आता त्यांचे पुढचे कौशल्य आहे. एनएटएन स्वतःच्या संगणकावर मोफत चालवता येते. जोडाक्षरे आणि मराठी मजकूर चित्रयंत्राकडून अजूनही अनेकदा चुकतो. तो दुरुस्त करणारा माणूस लागतोच.

साखळी जोडताना चार गोष्टी पाळता येतील. एक, चित्र तयार होणे आणि प्रसिद्ध होणे यांच्यामध्ये माणसाच्या मंजुरीची पायरी ठेवा. या सर्व साधनांत ती ठेवता येते. दोन, प्रॉम्प्ट कायम करण्याआधी त्यावर वीस चित्रे काढून ती शेजारी शेजारी ठेवून पाहा. एका चित्रात दिसत नाही तो कल वीस चित्रांत दिसतो. तीन, बचत गटाची किंवा छोट्या उद्योजकाची जाहिरात करताना त्यांच्या खऱ्या फोटोवरून काम करा. पार्श्वभूमी आणि प्रकाश यंत्राने बदलला तरी चालेल, चेहरा आणि हात त्यांचेच राहू द्या. चार, बाबासाहेबांचे चित्र यंत्राकडून कधीही काढू नका. अनेक व्यवसायांच्या सण-उत्सवांच्या वेळापत्रकात १४ एप्रिल ही फक्त एक तारीख असते. यंत्र त्या दिवशी कधी घडलाच नाही असा प्रसंगही ‘जुना फोटो’ म्हणून काढून देईल आणि उद्या तोच चवदार तळ्याचा पुरावा म्हणून फिरेल. आपल्याकडे अस्सल छायाचित्रे आहेत, तीच वापरा.

कार्यकर्त्यांनी एक प्रश्न मात्र प्रत्येक ठिकाणी विचारायला हवा. कंपनी असो, महापालिका असो की आपलीच जयंती समिती, हे चित्र कोणी मंजूर केले? उत्तरात माणसाचे नाव आले पाहिजे. आणि ज्यांचे चित्र आहे, त्यांच्यापैकी कुणीतरी त्या मंजुरीच्या खुर्चीवर बसलेले असले पाहिजे.