आंतिग्वा नगरीचे प्रथमदर्शन

मध्य अमेरिका म्हटली म्हणजे आपणांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नकाशावरील एक चिंचोळी पट्टी आणि पनामाचा कालवा यांपलीकडे फारसे काही उभे राहत नाही. आमचीही अवस्था याहून निराळी नव्हती. ग्वातेमाला देशातील आंतिग्वा या गावी चार दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा ‘तेथे पाहावयाचे ते काय?’ असा प्रश्न आम्हांस घरीच विचारण्यात आला होता आणि त्याचे समर्पक उत्तर आम्हांपाशी नव्हते. ते आज देण्याचा यत्न करतो. मात्र चार दिवसांच्या पाहुण्याने केलेले हे वर्णन आहे. वाचकांनी त्यास तेवढेच मोल द्यावे.

राजधानीच्या विमानतळापासून आंतिग्वा सुमारे 40 किलोमीटर. आम्ही पोहोचलो तो रात्र पडली होती. रस्ते दगडगोट्यांचे असल्याने मोटार शेवटचा मैलभर आम्हांस खुळखुळ्यासारखी हलवीत होती. दोहों बाजूंस घरे म्हणून दिसेनात. दिसत होत्या त्या केवळ लांबच लांब बुटक्या भिंती, जाड गजांच्या खिडक्या आणि बंद दरवाजे. ‘हे गाव आहे की तुरुंग?’ असे सौभाग्यवतींनी हळूच विचारले. तोच आमच्या बिऱ्हाडाचा भला थोरला दरवाजा आला, त्यातली लहानशी दिंडी उघडली, आम्ही वाकून आत पाऊल टाकले आणि दोघेही क्षणभर थबकलो. आत चौक होता! चोहोंकडून लाकडी खांबांची ओसरी, वर कौले, मध्यभागी मोकळे आकाश. वृंदावनाच्या जागी दगडी कारंजे होते, एवढाच काय तो फरक. ज्यांचे बालपण पेठेतल्या वाड्यात गेले आहे त्यांस त्या क्षणी काय वाटले असेल ते निराळे सांगावयास नको.

सकाळी गच्चीवर गेलो, तो दक्षिणेस आकाश अडवून उभा असलेला आग्वा पर्वत दिसला. त्याची उंची 3,760 मीटर आहे. म्हणजे आपले कळसूबाईचे शिखर एकावर एक दोनदा ठेवले तरी त्यास पुरे पडणार नाही. पश्चिमेस आकातेनांगो आणि फ्वेगो ही जोडी. आग्वा म्हणजे पाणी आणि फ्वेगो म्हणजे अग्नी. यांपैकी फ्वेगो जागता आहे. आम्ही पाहत असताना त्याच्या माथ्यावरून करड्या धुराचा एक लोळ उठला, आणि काही वेळाने दूरवर कोणी लाकडी पेटी आपटावी तसा आवाज आला. आम्ही घाईघाईने खाली येऊन घरमालकीणबाईंस वर्दी दिली. त्यांनी हसून आमच्या पुढे कॉफी ठेवली.

त्या दिवशी आम्ही गाव पायी पालथे घातले. पिवळ्या रंगाची सांता कातालिनाची कमान प्रत्येक चित्रात असते, तशी ती आम्हीही पाहिली. मठातील जोगिणींस रस्त्यावर लोकांच्या दृष्टीस न पडता पलीकडच्या आवारात जाता यावे, म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस ही कमान बांधली गेली. वरून आत पोकळ जिना-वाट आहे. परंतु आमच्या मनात भरली ती पडकी देवळे. मुख्य प्रार्थनामंदिराचा पुढचा भाग दुरुस्त करून वापरात ठेवला आहे. मागे जावे तो छत नाही, कमानी आकाशाखाली उघड्या उभ्या, आणि ढासळलेल्या घुमटाच्या विटा जमिनीवर जशाच्या तशा. कापुचिनास नामक मठात तर जोगिणींच्या अठरा कोठड्या एका वर्तुळात रचलेल्या आहेत. त्या शाबूत, आणि भोवतालच्या भिंती बोगनवेलीने भरलेल्या. ‘किती सुंदर!’ हा शब्द त्या दिवशी आम्ही किती वेळा उच्चारला असेल याची गणतीच नाही. पुढे त्याची थोडी लाज वाटली.

कारण त्या संध्याकाळी या गावाचा इतिहास वाचावयास घेतला. स्पॅनिश लोकांची आधीची राजधानी आग्व्याच्या अगदी पायथ्याशी होती. सप्टेंबर 1541 मध्ये, मुसळधार पावसानंतर, त्या पर्वतावरून चिखल आणि दगड यांचा लोंढा आला व त्याने ती गाडून टाकली. नुकतीच विधवा झालेली आणि पतीच्या जागी नुकतीच राज्यकारभारी नेमलेली दोन्या बेआत्रिस त्यात दगावली. तेव्हा 1543 मध्ये जवळच, पांचोय खोऱ्यात, नवी राजधानी वसविली, तीच ही. सव्वादोनशेहून अधिक वर्षे मेक्सिकोच्या चियापासपासून कोस्ता रिकापर्यंतचा कारभार येथून चाले. 1676 मध्ये येथे विद्यापीठही निघाले. भूकंप अधूनमधून होतच. लोक पडलेले उभारीत, भिंती अधिक जाड आणि बुटक्या करीत. आम्हांस पहिल्या रात्री तुरुंग वाटलेल्या भिंती त्या याच!

29 जुलै 1773 रोजी मात्र मोठाच तडाखा बसला आणि राज्यकारभारी मार्तीन दे मायोर्गा याने राजधानी दुसऱ्या खोऱ्यात हलविण्याचा पक्ष घेतला. आर्चबिशप कोर्तेस इ लार्रास हा गाव सोडण्याच्या विरुद्ध. पुढे काही वर्षे दोन तट हमरीतुमरीवर आले होते. अखेर राजाचा हुकूम झाला, 1776 मध्ये नवी राजधानी ग्वातेमाला सिटी वसली, आणि हट्टी आर्चबिशपाच्या जागी दुसरा आला. कचेऱ्या गेल्या, विद्यापीठ गेले, श्रीमंत गेले. हिचे मूळचे नाव सांतियागो. तेही मागे पडून लोक हिला नुसते ‘आंतिग्वा’ म्हणजे ‘जुनी’ म्हणू लागले. सगळे मात्र गेले नाहीत. ज्यांस जाणे परवडत नव्हते आणि ज्यांस जावयाचेच नव्हते, ते पडक्या भिंतींच्या आडोशाने राहिले. पडलेले बांधावयास त्यांजपाशी पैसा नव्हता. पाडून नवे करावयासही नव्हता. म्हणून ते अवशेष उरले, 1979 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि आम्ही दोन शतकांनंतर येऊन ‘किती सुंदर’ म्हणावयास मोकळे झालो.

हे वाचीत असता आम्हांस आमच्या एका वृद्ध आप्तांची आठवण झाली. किल्लारीच्या परिसरात त्यांचे दगडमातीचे घर होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जन आटोपून गाव झोपले असता, ते पडले. सुदैवाने ते स्वतः वाचले. पुढे गाव दुसरीकडे वसले, सरळ रांगेत त्यांसही घर मिळाले. परंतु रोज सकाळी ते जुन्या गावठाणात चालत जात आणि एका पडक्या ओट्यावर दुपारपर्यंत बसून परत येत. आम्ही त्यांस एकदा चार शहाणपणाचे शब्द ऐकविले होते. त्यांनी ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडेच गेले. आम्ही मायोर्गाच्या पक्षाचे होतो, हे आम्हांस आंतिग्व्यात कळले.

मौजेची गोष्ट अशी की, सुरक्षित म्हणून निवडलेली ती नवी राजधानी 1917 च्या डिसेंबरात व 1918 च्या जानेवारीत भूकंपांनी स्वतःच जमीनदोस्त झाली. 4 फेब्रुवारी 1976 च्या भूकंपात तर देशभर सुमारे 23,000 माणसे मृत्युमुखी पडली.

तिसरा दिवस एकादशीचा निघाला. फराळाचे कसे होणार, या विवंचनेत सौभाग्यवती बाजारात शिरल्या. रंगीत विणकामाची हुइपील नावाची चोळीवजा अंगरखी घातलेल्या बायका जमिनीवर पाले मांडून बसल्या होत्या. एकीपुढे रताळी, दुसरीपुढे भुईमुगाच्या शेंगा, तिसरीपुढे ज्याच्यापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो कंद. पलीकडे बटाटे, हिरव्या मिरच्या, पपया, चिकू. ‘अहो, हा तर आपला उपासच मांडून ठेवला आहे!’ त्या म्हणाल्या. खरोखरच, यांतील एकूण एक जिन्नस मूळचा अमेरिका खंडाचा; सागर ओलांडून तो आपल्याकडे येण्यापूर्वी आपल्या पूर्वजांची एकादशी त्यांविनाच होत असली पाहिजे. शास्त्रीबोवांनी हे कधी सांगितले नव्हते, असा शेरा त्यांनी मारला. त्यास आम्हांपाशी उत्तर नव्हते. शेजारीच मक्याच्या सोपटांत बांधलेल्या गुळाच्या ढेपा होत्या. ऊस मात्र आपल्या बाजूने तिकडे गेलेला. एक बाई चुन्याच्या पाण्यात शिजविलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे दोन्ही हातांवर थापीत होती. तो थपथप आवाज आम्हांस परका वाटला नाही.

परतताना सार्वजनिक धुण्याच्या टाक्यावरून आलो. कमानींच्या सावलीत दगडी कुंडांची रांग आहे, आणि गावातल्या बायका अजूनही तेथे धुणी आणतात. प्रवासी त्यांची छायाचित्रे घेत होते. आम्हीही कॅमेरा काढला होता. तो परत ठेवला.

शेवटच्या रात्री आकाश निरभ्र होते. फ्वेगोच्या माथ्यावर तांबडी ठिणगी उसळे, उतारावरून ओघळे आणि विझे. गच्चीवरील तरुण मंडळी टाळ्या वाजवीत होती. 3 जून 2018 रोजी याच पर्वताने सान मिगेल लोस लोतेस हे गाव तप्त राखेखाली गाडले. शेकडो माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. आम्ही घरमालकीणबाईंस भीत भीत विचारले, येथून जावे असे कधी वाटले नाही काय? त्यांनी थोडा विचार केला आणि उलट विचारले, ‘कोठे?’

पहाटे निघालो, तो ओसरीवर राखेचा बारीक करडा थर बसला होता. बाई केरसुणी घेऊन तो लोटीत होत्या. आमचे सामान आडवे आले, तेव्हा त्यांनी ते हातानेच बाजूस सारले, त्याखालची राख झाडली, आणि मग दिंडी उघडून आम्हांस वाट करून दिली.