येऊ का, असं विचारू नका

‘काहीच तर झालं नाही! उगाच रद्द केलंत.’ हे वाक्य मी या आठवड्यात जिन्यात ऐकलं, पार्किंगमध्ये ऐकलं आणि भाजीवाल्याच्या गाडीपाशीही ऐकलं. शेवटी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी कोकणातल्या किनाऱ्याचा लख्ख उन्हातला फोटो टाकला. खाली एकच शब्द होता, ‘शक्ती?’ त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. तो फोटो पाहिल्यापासून माझं डोकं तापलंय, म्हणून आज ठरवलेला विषय बाजूला ठेवते.

झालं ते असं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, अरबी समुद्रात ‘शक्ती’ चक्रीवादळ तयार झालं. हवामान खात्याने आपल्या किनाऱ्याला वाऱ्याचा आणि खवळलेल्या समुद्राचा इशारा दिला, मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हणून सांगितलं. वादळ पश्चिमेला ओमानच्या दिशेने सरकलं, मग उलटं वळलं आणि समुद्रातच विरलं. आम्ही चार कुटुंबं शनिवारी पुण्याहून निघून सोमवारची कोजागरी दिवेआगरला करणार होतो. शुक्रवारी रात्री बेत रद्द झाला आणि तो मीच हट्टाने करायला लावला.

‘अंदाज चुकला’ म्हणणाऱ्यांनी तो अंदाज वाचलेला नसतो. वादळ पश्चिमेकडे जाईल, हे खातं पहिल्यापासून सांगत होतं. ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकेल असं कुणीही म्हटलं नव्हतं. इशारा होता तो समुद्राचा. आणि वादळ शेकडो किलोमीटर लांब असलं म्हणून समुद्र शांत असतो असं नाही. २०१९च्या दिवाळीत ‘क्यार’ आलं होतं. ते आपल्या जमिनीला लागलंही नाही, पण सिंधुदुर्गात देवबागसारख्या गावांत समुद्राचं पाणी शिरलं, आणि त्या पावसात कोकणातलं कापणीला आलेलं भात आडवं झालं. त्यात कोजागरी म्हणजे पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. त्या दिवसांत समुद्र मुळातच वरपर्यंत येतो. वर लांबच्या वादळाच्या लाटा. रात्री मसाला दुधाचे पेले हातात धरून, मुलांना मोकळं सोडून, आपण नेमके तिथेच बसणार होतो.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की ज्यांचा जन्म पाण्यावर गेला ते लोक होड्या खाडीत आणून नांगरतात. जीवना बंदर आणि भरडखोलच्या खलाशांना वादळाची भीती वाटणं रास्त, आणि आपल्याला मात्र वाटू नये, हे कुठलं गणित?

पण खरं सांगायचं तर बेत रद्द करायला लावताना माझ्या मनात लाटा नव्हत्याच. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे एका घरी जमलो होतो. चर्चा दोन तास चालली. ताम्हिणीत दरड पडेल का, एक दिवस उशिरा निघू या का, मुलांच्या पोहण्याचं काय, आणि ‘वादळी समुद्र बघायला तर आणखी मजा’ हेसुद्धा. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘एवढं कशाला? दिवेआगरला ज्यांच्याकडे उतरणार, त्या काकूंनाच फोन करून विचारू.’ फोन स्पीकरवर ठेवला.

‘काकू, उद्या येऊ ना?’

‘या की! पाऊस काय, येतो नि जातो. मोदकांचं पीठसुद्धा काढून ठेवलंय मी.’

सगळ्यांचे चेहरे उजळले. पण मागून त्यांच्या यजमानांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. ते कुणाला तरी ओरडून विचारत होते, पाडेली आला का, नारळ उतरवून घ्यायचेत, पडवीचे पत्रे बांधायचेत, दोर कुठे ठेवलाय. मी फोन जवळ ओढला आणि विचारलं, ‘काकू, भात कापून झालं का?’

क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘अर्धं उभं आहे, ताई. अर्धं कापून खाचरातच पडलंय. उद्या माणसं सांगितलीयेत, तेवढं घरात आलं की सुटले. पण तुम्ही नका काळजी करू. तुमचं सगळं वेळेवर होईल.’

यातलं ‘वेळेवर होईल’ हे मला ऐकवलं नाही. खाचरात वर्षाचं भात पडलंय, घरावरचे पत्रे मोकळे आहेत, आणि ही बाई आमच्या चार कुटुंबांच्या नाश्त्याचं, दोन वेळच्या जेवणाचं आणि मोदकांचं कबूल करतेय. ती ‘येऊ नका’ म्हणणार नाही. कशी म्हणेल? पावसाळ्याचे चार महिने खोल्या रिकाम्या होत्या. दसरा ते दिवाळी हे तिच्या कमाईचे पहिले दिवस. एकदा नाही म्हटलं तर हे लोक पुढच्या वेळी शेजारच्या घरी जातील, हे तिला ठाऊक आहे. तेव्हा तिला ‘येऊ का’ विचारणं म्हणजे आपला निर्णय तिच्या गळ्यात टाकणं. इशारा आपल्या फोनवरही येतो. तो वाचून ठरवायचं आपणच, आणि तिला फक्त कळवायचं.

किनाऱ्यावरच्या माणसाला वादळाआधीचे दोन दिवस स्वतःसाठी लागतात, आणि ते दिवस नेमके आपल्या सुट्टीत येतात. अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडावर नाहीतर पावसाळा सरल्यावर होतात. म्हणजे मे-जूनमध्ये, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. शाळेच्या सुट्ट्याही तेव्हाच.

दिवेआगर-श्रीवर्धनच्या माणसाला वादळाबद्दल काही सांगायला नको. ३ जून २०२०ला ‘निसर्ग’ त्यांच्याच किनाऱ्यावर आलं. दुपारच्या काही तासांत पिढ्यांच्या वाड्या झोपल्या. त्यानंतर मी तिथे गेले तेव्हा काकूंच्या मागच्या वाडीत उभी राहिले होते. पूर्वी त्या वाडीत भर दुपारी दिवा लावावासा वाटे, इतकी सावली. आता डोक्यावर नुसतं आभाळ. सुपाऱ्या मध्यावर मोडून पडल्या होत्या, माड मुळासकट उपटून विहिरीवर आडवे झाले होते, आणि जी जायफळं वाचली होती ती वरची सावली गेल्यामुळे उन्हाने करपत चालली होती. काकू एकेका खुंटापाशी थांबून तो कुणी लावला होता ते सांगत होत्या. हा सासऱ्यांनी, हा चुलत सासऱ्यांनी, ही रांग लग्नानंतर आम्ही दोघांनी.

श्रीवर्धनी रोठा सुपारीवर मी या सदरात पूर्वी लिहिलं आहे आणि पुन्हा लिहीन, कारण त्या वेळच्या मदतीचा हिशोब अजून मला टोचतो. सरकारने बागांसाठी मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. ऐकायला रक्कम बरी वाटते. पण कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या दराने पाच हजार रुपये होतात. त्या दहा गुंठ्यांत सुपारी, माड, त्यांच्यावर चढवलेली मिरी, खाली जायफळ आणि केळी, असा सगळा संसार उभा असतो. आणि पडलेली झाडं कापून, ओढून बाहेर काढायलाच त्याहून जास्त मजुरी लागते. पुढे झाडामागे मदत देण्याचाही निर्णय झाला, पण झाडाची किंमत काय धरणार? सुपारीचं रोप लावल्यापासून हाताशी उत्पन्न यायला सहा-सात वर्षं जातात. माडाचंही तसंच. मधल्या वर्षांत त्या घराने खायचं काय, हा प्रश्न कुठल्याही पंचनाम्याच्या कागदावर मला दिसला नाही.

त्या वर्षांत घर चाललं ते याच दोन-तीन खोल्यांवर. वाडी पडल्यावर पाहुणे हेच पीक उरलं. म्हणून मी बेत रद्द करा म्हटलं, पण पैसे परत मागा म्हटलं नाही. आमच्यातल्या एका घराने आपल्या वाट्याची आगाऊ रक्कम परत मागू या असं सुचवलं, तेव्हा मी चिडले आणि अजून चिडलेलीच आहे. आपण गेलो नाही म्हणून तिच्या घरात आणलेले दूध-नारळ परत दुकानात जात नाहीत. खोली आपल्यासाठी अडवून ठेवलेली होती. आणि हेच कुटुंब परदेशी सहलीची परत न मिळणारी तिकिटं मुकाट्याने काढतं. तिथे घासाघीस नाही, मग दिवेआगरच्या काकूंशीच का?

शनिवारी रात्री काकूंचा फोन आला. माणसं आली होती, संध्याकाळपर्यंत भात घरात आलं, पत्रे बांधून झाले, नारळ उतरवले. ‘तुम्ही असतात तर जमलं नसतं हो,’ असं त्या आपणहून म्हणाल्या. मी इमारतीतल्या सगळ्यांना ते सांगितलं. तरी ‘काहीच तर झालं नाही’ चालूच आहे. भात घरात आलं, हे झालंच की!

आता दिवाळीनंतरचा, नोव्हेंबरातला शनिवार-रविवार ठरला आहे. नोव्हेंबरही बेभरवशाचाच. ‘फयान’ आलं ते ११ नोव्हेंबर २००९ला. निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचं पत्रक मी पुन्हा वाचणार आहे आणि रायगड जिल्ह्याला इशारा असला तर तारीख पुन्हा पुढे ढकलणार आहे. आगाऊ रक्कम तेव्हाही काकूंकडेच राहील. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आत्ताच सांगावं, त्यांच्या वाट्याचे पैसे मी देईन.