कार्ड हातात, सर्जन कुठे?

एखाद्या पारलिंगी व्यक्तीला लिंगबदल शस्त्रक्रिया करून घ्यायची असेल आणि खिशात पैसे नसतील, तर तिच्यासाठी आपल्या देशात कायद्यात शब्द आहेत आणि योजनेत रक्कमही आहे. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती (हक्क संरक्षण) कायद्याच्या कलम १५ मध्ये ही शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार आणि त्यांचा खर्च उचलणारा विमा, या तिन्हींची तरतूद सरकारने करावी असं लिहिलं होतं. २४ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि केंद्राच्या सामाजिक न्याय विभागाने त्यासाठी करार केला. योजनेचं नाव आयुष्मान भारत टीजी प्लस. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, लिंगबदल शस्त्रक्रिया धरून. कराराच्या वेळी सांगितलं गेलं की देशातल्या सुमारे ४.८ लाख पारलिंगी व्यक्तींना याचा लाभ होईल. हा आकडा २०११ च्या जनगणनेतला. त्या गणतीत महाराष्ट्रातले ४०,८९१ होते, आणि आपण कोण ते घरात उघड न सांगितलेले त्यात धरलेले नाहीत हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे कायदा, करार आणि रक्कम तिन्ही आहेत. मग अडतं कुठे? हे मला गेल्या काही महिन्यांत मैंदर्गीच्या एका घरामुळे कळलं.

मैंदर्गी म्हणजे अक्कलकोट तालुक्याच्या टोकाचं, दुधनीच्या वाटेवरचं माझं गाव. मराठी, कानडी आणि आपली दखनी, तिन्ही एकाच पानटपरीवर चालतात. तिथला एक ट्रान्स पुरुष, म्हणजे मुलगी म्हणून जन्माची नोंद झालेला पण स्वतःला पुरुष म्हणूनच ओळखणारा तरुण, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. त्याचं नाव देत नाही, गल्लीही सांगत नाही. आमच्या गावात गल्ली सांगितली की माणूस सापडतो. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारं ओळखपत्र त्याने काढलं, मग कार्डही काढलं. आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला यांवरची नावं जुळवण्यात त्याची बरीच रोजंदारी बुडाली. हे सगळं झाल्यावर बिड्या वळून घर चालवणारी त्याची अम्मी माझ्याकडे आली. मी तिला खाला म्हणतो. ती म्हणाली, "कार्ड तो हय ना बेटा, अब डाक्टर का नाव बोल."

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. कंप्युटरवाल्याला सगळं सापडतं अशी गावाची समजूत असते. संकेतस्थळावर रुग्णालय शोधायची सोय आहेच. राज्य निवडा, जिल्हा निवडा, सरकारी की खासगी ते निवडा, मग स्पेशालिटी निवडा. तिथे प्लास्टिक सर्जरी निवडली की नावांची रांग येते. पण प्लास्टिक सर्जरी म्हणजे भाजलेल्याची कातडी, दुभंगलेला ओठ, यंत्रात सापडलेलं बोट. त्या रांगेतलं कुठलं रुग्णालय ही शस्त्रक्रिया करतं, कोणता सर्जन करतो, वर्षभरात किती केल्या, यातलं काहीच तिथे निवडता येईना. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर टेबल आहे, पण ज्या कॉलमवर शोधायचं तोच कॉलम नाही.

मग फोन. तीन शनिवार लावले. सोलापूर, पुणे, मुंबई आणि सीमेपलीकडचा कर्नाटकचा भाग. आयुष्मान कार्ड राज्याबाहेर चालतं आणि आम्हाला पुण्यापेक्षा कलबुर्गी जवळ, म्हणून तिकडेही. एकवीस ठिकाणी विचारलं. उत्तरं साधारण चार प्रकारची. पहिलं, "कॉस्मेटिक योजनेत बसत नाही." दुसरं, "आम्ही पॅनेलवर आहोत, पण त्या स्पेशालिटीसाठी नाही." तिसरं, "सर करतात, पण कॅशमध्ये." हे तिसरं उत्तर देणारे तीन होते आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण हात आहे, कौशल्य आहे, फक्त कार्डासमोर दार बंद आहे. चौथं उत्तर म्हणजे हसू, आणि फोन ठेवल्याचा आवाज. एकाने मात्र नीट ऐकून घेतलं. एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागातले निवासी डॉक्टर म्हणाले, ओपीडीच्या दिवशी कागद घेऊन या, मानसोपचार विभागाचं पत्र लागेल, रांग मोठी आहे. पुढच्या महिन्यात तो सिद्धेश्वर एक्सप्रेसने जाईल. अम्मी सोबत जाणार आहे.

सर्जन कार्ड का नाकारतात हे समजून घेतलं पाहिजे. सगळे द्वेषापोटी नाकारत नाहीत. छातीवरची शस्त्रक्रिया तुलनेने सोपी असते. स्तन काढण्याचं तंत्र सर्जनला अन्यथाही येत असतं. पण लिंग किंवा योनी घडवणं हे मूत्ररोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ अशा सगळ्यांचं मिळून काम. हाताच्या कातडीतून नसा-रक्तवाहिन्यांसह भाग उचलून जोडायचा, तर ऑपरेशन थिएटर दिवसभर अडतं, आणि ते एका बैठकीत संपत नाही. योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेला ठरीव दर. त्या दरात दिवसभराचं थिएटर परवडत नाही, दावा मंजूर होऊन पैसे यायला वेळ लागतो, आणि पुढे काही बिघडलं तर रुग्ण त्याच दारात येणार. मग खासगी रुग्णालय पॅनेलवर राहतं मोतीबिंदू, पित्ताशय, अँजिओप्लास्टीसाठी, आणि हे काम कॅशवर ठेवतं. हिशेब कळतो. पण कळला म्हणून तो मान्य करायचा असं नाही. दर परवडत नसेल तर भांडण सरकारशी आहे; रुग्णाला फोनवर "कॉस्मेटिक" म्हणून परत लावणं हे त्या भांडणातलं हत्यार होऊ शकत नाही.

एक जुनी भीतीही आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये गंभीर दुखापतींची जी यादी होती तिच्यात पहिलंच नाव पुरुषत्व नष्ट करण्याचं. अनेक डॉक्टर वर्षानुवर्षं त्या ओळीकडे बोट दाखवून मागे सरले. खुद्द कायद्यात या शस्त्रक्रियेची तरतूद लिहिली गेल्यानंतर त्या भीतीला फारसा आधार उरला नाही. सवय उरली आहे.

आपल्यातले आयटीवाले म्हणतील, आमच्या कंपनीचा विमा आहे. पॉलिसीची पुस्तिका उघडून बघा. विमा नियामकाने सगळ्या आरोग्य पॉलिसींसाठी वगळणुकींचे जे ठरीव कोड दिले, त्यात सातवा कोड लिंगबदलाच्या उपचारांचा आहे आणि आठवा कॉस्मेटिकचा. म्हणजे नियामकाच्या यादीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या "कॉस्मेटिक" म्हणणाऱ्या काउंटरला ऐकवायला उपयोगी. काही मोठ्या कंपन्या जादा हप्ता भरून हे उपचार आत घेतात. टॉवेल कारखान्यातल्या हिशेबनिसाला त्याचं काय? त्याच्यासाठी सरकारी कार्ड हा एकच रस्ता आहे.

तो रस्ता बंद झाला तर काय होतं? एकतर कर्ज. नाहीतर कुठल्या तरी खोलीत, शिकलेल्या-न शिकलेल्या हातांनी उरकलेलं काम. हिजरा समाजात दाईकडून होणारं निर्वाण अजून इतिहासजमा झालेलं नाही. आणि पैसे मोजूनही सगळं ठीक होतं असं नाही. केरळची पहिली पारलिंगी रेडिओ जॉकी अनन्या कुमारी अलेक्स हिने खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेतली, त्यानंतरच्या असह्य वेदनांबद्दल ती जाहीरपणे बोलली, आणि जुलै २०२१ मध्ये ती तिच्या घरी मृतावस्थेत सापडली. म्हणून मी "कुणी का असेना, कार्ड घेणारा सर्जन" असं म्हणत नाही. याआधी किती केल्या, बिघाड झाला तर कोण बघणार, हे विचारायचा हक्क कार्डवाल्यालाही आहे.

सरकारी रुग्णालयात हे होऊ शकतं याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली, ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने त्यांना प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे पाठवलं. वर्तमानपत्रांतून गाजल्यावर परवानगी मिळाली आणि २५ मे २०१८ रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. सर्जन होता, थिएटर होतं, रुग्णालय सरकारचंच होतं. पण तिथवर पोचायला बातम्या व्हाव्या लागल्या. प्रत्येकाची बातमी होत नाही, आणि मैंदर्गीच्या त्या घराला तर बातमी नकोच आहे. तमिळनाडूने २००८ मध्येच पारलिंगींसाठी कल्याण मंडळ काढलं आणि सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत केली. तिथला गरीब माणूस निदान कुठल्या शहरात जायचं हे जाणतो. आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात पारलिंगी रुग्णांसाठी वेगळा कक्ष सुरू झाला, चांगलं झालं. पण खाट वेगळी आणि सर्जन वेगळा.

आता आपल्या मोहल्ल्याबद्दल. लहान मुलाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जुम्म्याच्या नमाजनंतर रुमाल फिरतो आणि तासाभरात हजारो रुपये जमतात. या शस्त्रक्रियेसाठी तो रुमाल फिरणार नाही. "जायज आहे का?" हा प्रश्न आधी येईल. ज्यांना तो पडतो त्यांनी एवढं तरी वाचावं: इराणमध्ये आयातुल्ला खोमेनींनी ही शस्त्रक्रिया परवानगीयोग्य ठरवली आणि तिथे सरकार तिच्या खर्चाला हातभार लावतं, १९८८ मध्ये अल-अजहरच्या एका वैद्यकीय विद्यार्थिनीच्या प्रकरणात इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती सय्यद तंतावी यांनी फतवा दिला, ज्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावला गेला. म्हणजे आलिमांमध्येही यावर चर्चा झाली आहे, ती आपल्या गल्लीत सुरू झालेली नाही. (इराणचा दाखला जपून घ्यावा, समलिंगींवर शस्त्रक्रियेसाठी दबाव आल्याच्या तक्रारीही तिथल्याच.) पण त्या तरुणाने फतवा मागितलेला नाही. त्याने डॉक्टरचं नाव मागितलं आहे. तो सज्ञान आहे, योजनेचा लाभार्थी आहे, आणि जोगत्याला जोगवा वाढणाऱ्या, हिजऱ्यांकडून बाळासाठी दुवा घेणाऱ्या मुलखातला आहे. दुवा घेताना आपण फतवा विचारत नाही.

म्हणून आपल्या पत्रिकेच्या वतीने एक काम सुरू करतोय आणि त्यात तुमचे हात हवेत. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एक अर्ज राज्य आरोग्य हमी सोसायटीला, एक राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाला. राज्यातल्या कोणत्या रुग्णालयांना टीजी प्लसच्या शस्त्रक्रियांसाठी मान्यता आहे, जिल्हावार. योजना सुरू झाल्यापासून अशा किती शस्त्रक्रियांना पूर्वपरवानगी दिली, किती नाकारल्या आणि कोणत्या कारणाने. किती दाव्यांचे पैसे अदा झाले. आणि महात्मा फुले योजनेचं संरक्षण असलेल्या पारलिंगी व्यक्तीला टीजी प्लस लागू होते की नाही. हा शेवटचा प्रश्न सोडू नका, कारण दुसऱ्या सरकारी योजनेतून असा लाभ न घेणाऱ्यांसाठी टीजी प्लस आहे असं करारावेळी सांगितलं होतं आणि काउंटरवरचा माणूस नेमकं तेच पुढे करतो. रुग्णाचं नाव कुठेही मागायचं नाही. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला वेगळा अर्ज करून प्लास्टिक सर्जरी विभागात ही शस्त्रक्रिया होते का आणि ओपीडी कोणत्या वारी, एवढंच विचारायचं.

ज्यांना अर्ज जमत नाही त्यांनी फोन करावेत. फोनवर "लिंगबदल करता का" एवढंच विचारू नका. छातीची की खालची, टीजी प्लस कार्डावर की रोख, पूर्वपरवानगी कोण टाकतं, आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राचं नाव काय, हे विचारा. नकार मिळाला तर तारीख, वेळ आणि दिलेलं कारण लिहून ठेवा आणि १४५५५ किंवा राज्याच्या १५५३८८ क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. योजनेत दाखल होण्याआधीच्या तीन आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांची औषधं धरलेली असतात, ती रुग्णालयाकडून मागायची. मुंबईत राहण्याचा खर्च मात्र योजना देत नाही. ज्या वाचकांची मुंबईत एखादी खोली, एखादा पलंग पंधरा दिवस रिकामा राहू शकतो, त्यांनीही कळवावं.

जमलेली माहिती मी एका साध्या तक्त्यात भरतोय: रुग्णालय, शहर, शस्त्रक्रिया, कार्ड चालतं की नाही, शेवटचं कधी विचारलं. रुग्णाची एकही ओळख त्यात नसेल. मराठी आणि उर्दू दोन्हींत तो इथे छापू, आणि दर तीन महिन्यांनी फोन करून तपासू. सध्या त्यात एकवीस ओळी आहेत. वीस ओळींत "नाही" लिहिलंय.