युद्ध चालू, प्रश्नही चालू

खारकीव्ह, कीव्ह ही नावं आपल्याकडे घरोघरी पोहोचली ती फेब्रुवारी २०२२मध्ये, तिथं एमबीबीएस करणारी आपली मुलं जीव मुठीत धरून परतू लागली तेव्हा. ती परतली. पण ज्यांचं घरच तिथं आहे, त्या मुलामुलींचं पुढे काय झालं?

जुलै २०२५मधली गोष्ट सांगतो. युद्धाला साडेतीन वर्षं होत आली होती. रात्री भोंगा वाजला, की तळघर गाठायचं. कुणाचा भाऊ आघाडीवर, कुणाचा मित्र. अशात २२ जुलैला तिथल्या संसदेनं एक कायदा घाईघाईनं मंजूर केला. भ्रष्टाचाराचा तपास करणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा त्यामुळे महाअभियोक्त्याच्या हाताखाली जाणार होत्या. महाअभियोक्ता नेमतो कोण? संसदेच्या संमतीनं, राष्ट्राध्यक्ष. म्हणजे सत्तेतल्या माणसांची चौकशी सत्तेच्याच मर्जीवर! राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी त्याच दिवशी सहीही केली.

त्या संध्याकाळी कीव्ह, ल्विव्ह, ओदेसाच्या रस्त्यांवर तरुण पोरं उतरली. हातात खोक्यांच्या पुठ्ठ्यावर मार्करनं लिहिलेले फलक. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. ३१ जुलैला संसदेनं ३३१ मतांनी त्या यंत्रणांचं स्वातंत्र्य परत दिलं. युरोपीय संघाचा दबाव होताच, नाही असं नाही. पण रस्ते ओस असते, तर सरकार नऊ दिवसांत मागे फिरलं असतं?

'युद्ध चालू असताना सरकारला जाब विचारणं म्हणजे शत्रूला बळ देणं,' हे वाक्य तुम्हीही कुठे ना कुठे ऐकलं असेल. तिथंही ते ऐकवलं जातंच. पण ही मुलं सैन्यासाठी वर्गणीही गोळा करतात आणि सरकारवर आवाजही चढवतात. त्यांना यात विसंगती वाटत नाही. कारण त्यांचा देश एक झाला तो मतपेटीतून. १ डिसेंबर १९९१च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला. रशियन भाषकांची मोठी वस्ती असलेल्या दोनेत्स्क आणि लुहान्स्कमध्येही तो ८० टक्क्यांच्या वर होता. पुढे नोव्हेंबर २०१३मध्ये कीव्हच्या मैदान चौकात विद्यार्थ्यांना पोलिसांनी झोडपलं, तेव्हा त्यांच्यासाठी अख्खं शहर बाहेर पडलं.

लष्करी कायदा लागू असेपर्यंत युक्रेनमध्ये निवडणुका घेता येत नाहीत. मत देता येत नाही, तेव्हा नागरिकाच्या हातात उरतो तो आवाज. तोही 'आत्ता वेळ नाही' म्हणत गहाण टाकला, तर वाचवायचं काय? फक्त नकाशा?

तेव्हा देशावर संकट आहे म्हणून प्रश्न विचारू नका, असं कुणी बजावलं, तर त्या पुठ्ठ्याच्या फलकांची आठवण ठेवा. ते धरणाऱ्या पोरांच्या डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत होते.